पगार, पागान आणि पागेन

'पगार' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, हे आता बहुतेकांस ठाऊक आहे. चावी, पाव, बटाटा, घमेले यांच्याच तांड्यातून तो किनाऱ्यावर उतरला आणि पुढे घाट चढून थेट कचेऱ्यांत जाऊन बसला. बरोबरचे बाकीचे शब्द नामे होती. हा तेवढा मुळात क्रियापद. पोर्तुगीजमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणे, चुकते करणे. शेजारच्या स्पॅनिशमध्येही तोच शब्द त्याच अर्थाने आहे. दोहोंचे मूळ लॅटिनमधील 'पाकारे', म्हणजे शांत करणे. धनकोला शांत करावयाचे तर पैसे मोजावेच लागतात, हे रोमन लोकांनाही ठाऊक असावे.

स्पॅनिशमध्ये 'मे पागान' म्हणजे 'ते मला पैसे देतात'. आणि 'किएरो के मे पागेन' म्हणजे 'त्यांनी मला पैसे द्यावेत अशी माझी इच्छा आहे'. 'पागान' आणि 'पागेन'. एका स्वराचा फरक. 'आ' असला तर पैसे हातात पडत आहेत. 'ए' असला तर अजून मागणीच चालू आहे. ज्यांनी आयुष्यभर निवेदने लिहिली आहेत त्यांना या एका स्वराचे मोल वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या दुसऱ्या रूपाला स्पॅनिश व्याकरणात 'सुबखुंतीवो' म्हणतात, इंग्रजीत सब्जंक्टिव्ह. लॅटिन मुळाप्रमाणे त्याचा अर्थ 'खाली जोडलेले' असा होतो. म्हणजे मुख्य वाक्याच्या खाली जोडलेल्या गौण वाक्यात येणारे. हे नाव आम्हांस फारसे रुचत नाही. ते रूप वाक्यात कुठे बसते एवढेच ते सांगते. काय बोलते ते सांगत नाही. आपल्या व्याकरणकारांनी क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे चार 'अर्थ' मानले, ते अधिक नेमके वाटते. क्रियापदाचे रूप बोलणाऱ्याचा हेतू सांगते, ही गोष्ट दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मराठी विद्यार्थी शिकत आला आहे.

हे सारे आम्ही उभयतांनी या वयात का आरंभिले, ते सांगायला हवे. आमची कन्या स्पेनमध्ये वालेन्सिया येथे असते. नातू सात वर्षांचा आहे. मराठी त्याला समजते. उत्तर मात्र तो स्पॅनिशमध्ये देतो. (वालेन्सियात स्पॅनिशच्या जोडीने वालेन्सियन भाषेलाही अधिकृत दर्जा आहे आणि शाळेत दोन्ही शिकवतात. सीमाभागातील माणसाने त्यावर एक स्वतंत्र लेख लिहावा असा तो विषय आहे, आज नको.) मराठीसाठी इतकी वर्षे झटलेल्यांनी परकी भाषा शिकण्यात वेळ का घालवावा, असे काही स्नेह्यांनी विचारले. आमचे म्हणणे एवढेच की मुलाला रागे भरून भाषा येत नाही. तो जिथे उभा आहे तिथपर्यंत आपण चालत जावे, आणि मग हात धरून इकडे आणावे.

चालत जाताना पहिल्या वर्षीच एक गोष्ट ध्यानात आली. 'मुलगा सफरचंद खातो', 'पुस्तक टेबलावर आहे' अशी वाक्ये पाठ झाली. पण आजी-आजोबा नातवाशी अशी वाक्ये बोलतच नाहीत. आम्ही त्याला म्हणतो, नीट जेव. ओरडू नकोस. तुला छान झोप लागो. तू येशील तेव्हा आंबे खाऊ. आजीशी बोलावेस म्हणून फोन लावला. यांतील जवळजवळ प्रत्येक वाक्याला स्पॅनिशमध्ये सुबखुंतीवो लागतो. पहिलेच काय ते साध्या आज्ञार्थाने निभावते. युरोपीय पातळ्यांच्या अभ्यासक्रमात हा भाग साधारणपणे तिसऱ्या, म्हणजे बी-१ या पायरीवर येतो. पर्यटकाला तो उशिरा आला तरी चालते. आजीला चालत नाही.

रूपे प्रथम पाहू. तो भाग लवकर उरकतो. स्पॅनिश क्रियापदे 'आर', 'एर' आणि 'ईर' अशा तीन शेवटांची. 'आब्लार' म्हणजे बोलणे, 'कोमेर' म्हणजे खाणे, 'बिबिर' म्हणजे जगणे अथवा राहणे. साधा वर्तमानकाळ घ्या: मी बोलतो 'आब्लो', तू 'आब्लास', तो 'आब्ला', आम्ही 'आब्लामोस', तुम्ही 'आब्लाइस', ते 'आब्लान'. आता 'मी'चे रूप हाती घ्या, त्याचा अंत्य 'ओ' काढा आणि 'आर'वाल्यांना 'ए' लावा: आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. 'एर' आणि 'ईर'वाल्यांना उलट 'आ' लावा: कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान, बिबा, बिबास, बिबा, बिबामोस, बिबाइस, बिबान. ज्याच्याकडे 'आ' होता त्याला 'ए', ज्याच्याकडे 'ए' होता त्याला 'आ'. दोन घरांनी आपापले स्वर बदलून घ्यावेत तसे. ही अदलाबदल लॅटिनपासूनची आहे. 'मी' आणि 'तो' यांची रूपे एकच होतात, तेवढे संदर्भाने ओळखावे लागते. पाचवे रूप स्पेनमध्येच चालते. दक्षिण अमेरिकेत त्याच्या जागी सहावेच वापरतात.

शेवटची अक्षरे मात्र जरा थांबून ऐकावीत. तू-साठी 'स', आम्ही-साठी 'मोस', ते-साठी 'न'. शाळेत संस्कृत शिकलेल्यांनी 'पठसि, पठामः, पठन्ति' आठवावे. हा योगायोग नाही. लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या, आणि पुरुष दाखवणारे हे प्रत्यय त्या कुळाची जुनी ठेव आहेत. आपल्या 'करतोस', 'आहेस' यांतला 'स' जुन्या 'करिसी'मधून आला, तोही याच घरचा. म्हणून 'तू बोलावेस' आणि 'के आब्लेस' शेजारी ठेवले की शेवटचा 'स' दोन्हीकडे ऐकू येतो. आमच्या सौभाग्यवतींनी हे प्रथम ऐकले तेव्हा वहीत त्या दोन शब्दांभोवती चौकट काढली.

स्पॅनिश पाठ्यपुस्तकांत यापुढे अपवादांची एक यादी येते आणि विद्यार्थी तिला घाबरतात. 'पागार'चे रूप करताना रोमन लिपीत मध्येच एक 'यू' घालावा लागतो. 'बुस्कार', म्हणजे शोधणे, याचे रूप करताना 'सी' काढून 'क्यू यू' लिहावे लागते. कारण रोमन 'जी' आणि 'सी' ही अक्षरे पुढे 'ई' आले की उच्चार बदलतात, आणि उच्चार टिकवायचा तर लेखन बदलावे लागते. आम्ही वहीत देवनागरीत लिहीत होतो: पागार, पागे; बुस्कार, बुस्के; येगार, येगे. अपवाद दिसतच नाहीत. 'ग' हा 'ग'च राहिला, 'क' हा 'क'च. दोष क्रियापदाचा नसून लिपीचा आहे, हे देवनागरीच्या उजेडात क्षणात कळते. रोमन लेखन पुढे शिकावे लागतेच. पण काय बदलते आणि काय बदलत नाही ते आधी कळलेले असले म्हणजे घोकंपट्टी उरत नाही.

आता उपयोग. येथे आम्हांस सर्वांत मोठी मदत मराठीची झाली, आणि सर्वांत मोठी अडचण पाठ्यपुस्तकांच्या इंग्रजीची. इंग्रजीत 'तू बोलावेस अशी माझी इच्छा आहे' हे सांगताना दुसरे क्रियापद मूळ, अपूर्ण रूपात ठेवतात. त्या मार्गाने गेलेला विद्यार्थी स्पॅनिशमध्येही 'किएरो'पुढे नुसते 'आब्लार' ठेवून मोकळा होतो आणि वाक्य मोडते. मराठी माणूस मुळात तसा विचारच करीत नाही. त्याच्या मनात दोन वाक्ये असतात, 'असे' किंवा 'की' ने जोडलेली, आणि आतल्या वाक्याला स्वतःचे पूर्ण क्रियापद असते: 'तू बोलावेस', 'असे मला वाटते'. स्पॅनिशची घडण हीच आहे: 'किएरो', 'के आब्लेस'.

त्याहून पुढची गोष्ट पाहा. 'तो बोलतो असे मी म्हणतो' आणि 'त्याने बोलावे असे मी म्हणतो'. दोन्हीकडे 'म्हणतो' तेच. पण पहिल्यात आम्ही बातमी देतो, दुसऱ्यात सूचना करतो. भेद सारा आतल्या क्रियापदात. स्पॅनिशमध्ये अगदी असेच: 'दिगो के आब्ला' म्हणजे तो बोलतो असे मी म्हणतो, 'दिगो के आब्ले' म्हणजे त्याने बोलावे असे मी म्हणतो. इंग्रजीला येथे वेगवेगळी दोन क्रियापदे शोधावी लागतात. मातृभाषेच्या माध्यमाचा आग्रह आम्ही शाळांसाठी अनेक वर्षे धरला. तो स्वतःच्या म्हातारपणी, एका परक्या भाषेवर पडताळून पाहता आला, याचे समाधान मोठे आहे.

इच्छा, विनंती, शंका, नकार आणि अजून न घडलेले, एवढ्यांना सुबखुंतीवो लागतो असे पुस्तके सांगतात. आम्ही आमच्यासाठी एकच खूण ठेवली: बोलणारा ती गोष्ट 'आहे' म्हणून पुढे ठेवतो का? ठेवत असेल तर साधे रूप, नसेल तर हे. 'क्रेओ के आब्ला माराती', तो मराठी बोलतो असे मला वाटते. 'नो क्रेओ के आब्ले माराती', तो मराठी बोलत असेल असे मला वाटत नाही. मराठीनेही दुसऱ्या वाक्यात 'बोलतो' सोडून 'बोलत असेल' धरले, ते पाहावे. 'आउंके नो आब्ला', तो बोलत नाही तरीही. 'आउंके नो आब्ले', तो बोलत नसला तरी. 'नाही' आणि 'नसला' यांत जो श्वासाएवढा फरक आपण करतो तोच तिथे 'आ' आणि 'ए' मध्ये आहे. आपल्याकडे हे काम विध्यर्थ, 'असेल', 'असला' आणि 'होवो' अशी चार-पाच रूपे वाटून घेतात. तिकडे एकच रूप सारी सेवा करते. 'ठाऊक असावे' हा आरंभीचा आमचा तर्कही त्यांच्याकडे 'किसास', म्हणजे कदाचित, या शब्दामागून याच रूपात येऊ शकतो.

दोन बाबतींत सांभाळावे. इच्छा करणारा आणि कृती करणारा एकच असेल तर स्पॅनिश हे रूप घेत नाही. 'किएरो पागार', मला पैसे द्यायचे आहेत. कर्ते दोन झाले की मगच 'किएरो के पागेस', तू पैसे द्यावेस. मराठीत 'मी जावे असे मला वाटते' हे खपते, तिकडे खपत नाही. दुसरे असे की आपला विध्यर्थ कर्माकडे पाहतो: त्याने पोळी खावी, आंबा खावा, आंबे खावेत. तो संस्कृतातील 'कर्तव्य'सारख्या रूपांतून आला, म्हणून 'ने' आणि ही कर्माची ओढ. स्पॅनिश क्रियापद खाणाऱ्याकडेच पाहते. आंबा एक असो वा शंभर, तो 'कोमा'च.

आशीर्वादांचा भाग आम्हांस सर्वांत गोड वाटला. झोपायला जाणाऱ्याला 'के देस्कान्सेस' म्हणतात, तुला विश्रांती लाभो. जेवणाऱ्याला 'के आप्रोबेचे', अन्न अंगी लागो. आपल्या पंगतीतल्या 'सावकाश होऊ द्या'च्या जागी ते सहज बसावे. 'बिबा' ही घोषणा जगभर ऐकू येते. ती 'बिबिर'चे हेच रूप आहे, चिरायू होवो. आणि 'ओखाला'. हा शब्द स्पेनमधील अरबी बोलीतून आला, 'देवाची इच्छा असेल तर' अशा अर्थाच्या वाक्यांशातून. आपल्या हैदराबादच्या वाचकांना 'इन्शाल्लाह' लगेच आठवेल, दोघे भाऊबंदच. मुसलमानी राज्ये स्पेनमध्ये ७११ पासून १४९२ पर्यंत कुठे ना कुठे नांदली. राज्ये गेली, शब्द राहिला. 'ओखाला पागेन' याचे भाषांतर आम्ही 'देव करो आणि ते पैसे देवोत' असे करतो. गोव्यातील ज्यांच्या घरात पोर्तुगीज अजून कानावर पडते त्यांना 'ओशाला' माहीत असेलच. त्यांना आणखी एक गंमत सांगतो: पोर्तुगीजमध्ये 'येशील तेव्हा' यासाठी या अर्थाचे वेगळे भविष्यकालीन रूप आजही बोलण्यात आहे. स्पॅनिशमध्ये ते कायद्याच्या कागदांत आणि म्हणींत उरले. रोजच्या बोलण्यात वर्तमानाचेच रूप भविष्याचे काम करते. 'क्वांदो येगास' म्हणजे तू पोहोचतोस तेव्हा, नेहमीचे. 'क्वांदो येगेस' म्हणजे तू पोहोचशील तेव्हा. आमच्या घरी दुसरेच वाक्य चालते.

घरात येणाऱ्या वडीलधाऱ्याला आपण 'या, बसा' म्हणतो, पण अधिक अदबीने 'यावे, बसावे' म्हणतो. स्पॅनिशमध्येही आदरार्थी 'उस्तेद'ला सांगायचे तर सुबखुंतीवोच: 'पासे', आत यावे. मुलाला मात्र 'आब्ला', बोल. पण नकार आला की मुलालाही हेच रूप: 'नो आब्लेस', बोलू नकोस, 'नो ग्रीतेस', ओरडू नकोस. नकारातल्या गोष्टीला ते लोक नेमाने या बाजूला ठेवतात.

यातूनच आलेले एक वाक्य आमच्या मनात बरेच दिवस राहिले. शोधण्याच्या वाक्यांत स्पॅनिश मोठा भेद करते. 'बुस्को आ उन प्रोफेसोर के आब्ला माराती': मी मराठी बोलणाऱ्या एका शिक्षकाला शोधतो आहे, तो आहे, मला ठाऊक आहे, फक्त भेटत नाही. 'बुस्को उन प्रोफेसोर के आब्ले माराती': मराठी बोलणारा कोणी शिक्षक हवा आहे, असा कुणी असेल की नाही, कोण जाणे. आपले 'बोलणारा' हे रूप हा भेद झाकून टाकते. आम्ही नातवाला विचारले, तुझ्या वर्गात मराठी बोलणारे कोणी आहे का? तो म्हणाला, 'नो आय नादिए के आब्ले माराती.' कोणीच नाही. सात वर्षांच्या मुलाने विचार न करता 'आब्ले' म्हटले, 'आब्ला' नाही. जो माणूसच नाही त्याचे बोलणे 'आहे' असे त्याची भाषा म्हणू देत नाही. आजीने फोन खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

एका ठिकाणी मराठी साथ सोडते असे प्रथम वाटते. 'मे आलेग्रा के आब्लेस माराती': तू मराठी बोलतोस याचा मला आनंद आहे. तो बोलतो आहे. गोष्ट घडते आहे. मग 'आब्लेस' का? व्याकरणकारांचे उत्तर असे की येथे 'तू बोलतोस' ही बातमी नाही, ती दोघांनाही ठाऊक आहे. बातमी आनंदाची आहे. आम्हांस ते पटले, पण कानाला पटायला मराठीतच उदाहरण हवे होते. ते सापडले. 'तुमच्यासारख्याने असे बोलावे!' बोलून झालेले आहे, तरी 'बोलावे'. 'त्याने असे वागावे याचे वाईट वाटते.' वागणे घडून गेले, तरी 'वागावे'. खेद आणि नवल यांत आपणही घडलेल्या गोष्टीला विध्यर्थ देतो. आनंदात सहसा देत नाही, एवढाच फरक. हे मराठीचे वैशिष्ट्य आम्ही जन्मभर वापरले, पण ते डोळ्यांसमोर आले स्पॅनिश शिकताना.

नातवाच्या मराठीत विध्यर्थ जवळजवळ नव्हता. 'आजी ये', 'आजी येते', 'आजी येणार' एवढ्यावर त्याचे भागे. 'तू यावेस' हे रूप तो ऐकत असे, पण उच्चारीत नसे. मग त्याच्या आईने उलट वाट धरली. तुझे 'किएरो के येगेस' असते ना, तिथे मराठीत 'वेस' लाव. पंधरवड्याने तो म्हणाला, 'आजी, तू लवकर पोहोचावेस.' वाक्य जरा पुस्तकी आहे, घरात आपण 'तू लवकर ये' म्हणू. पण 'स' सकट ते बिनचूक होते.

आता आमच्यासमोर सहा क्रियापदे उरली आहेत, जी नियमात बसत नाहीत: 'सेर'चे 'सेआ', 'एस्तार'चे 'एस्ते', 'इर'चे 'बाया', 'साबेर'चे 'सेपा', 'आबेर'चे 'आया' आणि 'दार'चे 'दे'. नियम होता 'मी'च्या रूपाचा 'ओ' काढण्याचा. या सहांची 'मी'ची रूपे सोय, एस्तोय, बोय, से, ए, दोय अशी, शेवटी सुटा 'ओ' नाहीच. काढायचे काय? पाच पाठ झाली. सहाव्याची अडचण निराळी आहे. 'दार' म्हणजे देणे, आपल्या 'दा' धातूचाच तो सोयरा. नातवाने आजीला 'दा' म्हटले तर ते एकेरी 'दे' होते; आणि अनोळखी वृद्धाला त्याने आदराने 'द्यावे' म्हणायचे तर शब्द येतो 'दे'.